गेटलाही अर्थिंग हवं बरं का

अगं, राहनाळच्या गोदामात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून लागलीस, छान झालं. आईला सांगितलंस की नुसते लाइट-पंखे बघायचेत. तिच्यासाठी ते ठीक आहे. पण गोदामामागे 22 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे ना, त्याच्याबद्दल जरा ऐक.

रस्त्यावरची डीपी टोरंट कंपनीची. भिवंडीचं वीजवाटप 2007 पासून त्यांच्याकडे आहे. तुमच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर मात्र तुमचा, म्हणजे आता तुझा.

अर्थिंग मोजलं की सगळे एकच विचारतील, ‘ओहम किती आला?’ एक आला की खूश. तू हिशेब कर. फॉल्टमध्ये हजार अँपिअर जमिनीत शिरले, तर एका ओहमवर हजार व्होल्ट चढतात. टेस्टरवर झकास दिसणारं अर्थिंग असूनही त्या क्षणी टाकी, पट्टी, भोवतालची माती सगळ्यात व्होल्टेज येतं. ते आपण थांबवू शकत नाही. पण हात जिथे लागतो आणि पाय जिथे टेकतो, तिथलं व्होल्टेज सारखं ठेवू शकतो. म्हणून बॉडी, केबलचं आर्मर, खांब, कुंपण सगळं पट्टीनं एकमेकांना जोडायचं. कुंपणाबाहेर मीटरभर अंतरावर जमिनीत पट्टी फिरवली आहे का, तेही बघ; बाहेरून जाळीला टेकणारा हमालही माणूसच असतो.

गेट हमखास राहून जातं. बिजागरीवर विसंबू नकोस, ती गंजते. खांबापासून दारापर्यंत तांब्याची लवचिक वेणी हवी. आणि आतली खडी शोभेची नाही, ती पायातून जाणारा करंट कमी करते. पावसाळ्यात तिच्यात चिखल नि गवत माजतं. काढून घेत जा. (डीपीजवळ गुरं का दगावतात ठाऊक आहे? पुढच्या नि मागच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून व्होल्टेजचा फरकही जास्त.)

तुमच्याकडे गोदामाला गोदाम चिकटलेलं. शेजाऱ्याचं तारेचं कुंपण आपल्या जाळीला बांधलेलं दिसलं तर आधी सोडवायला लाव, नाहीतर आपला फॉल्ट त्याच्या दारात जाऊन उभा राहील. जमिनीत मुरमाचा भराव असेल, तर अर्थिंगचा पाइप भरावाखालच्या ओल्या मातीत पोचला पाहिजे. भरावातच संपला तर मीठ-कोळसा कितीही ओता. मोजायचं मे महिन्यात. जुलैतला आकडा गोड असतो, खरा नसतो.

न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग, बॉडीला वेगळी दोन, हा नियम आहे. न्यूट्रल सुटला की ऑफिसातल्या 230 च्या वस्तूंवर 400 च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. आणि हे मात्र शपथेवर सांगते: ट्रान्सफॉर्मर चालू असताना मोजमापासाठी अर्थिंगची पट्टी सोडायची नाही. मुकादम म्हणेल, ‘मॅडम, दोन मिनिटांचं काम.’ म्हणू दे. शटडाऊन घे, नाहीतर क्लॅम्पचा टेस्टर मागव.

विद्युत निरीक्षकांची पाहणी होण्याआधी प्रत्येक नटाखालचा रंग खरवडून घे. रंगावर आवळलेला नट दिसतो घट्ट, पण जोडणी होतच नाही. गेटला वेणी नसेल तर मालकांना लेखी दे, तारीख टाकून, आणि एक प्रत स्वतःकडे ठेव.