बोलणारे अस्वल आणि आपली बोली



कार्टून न पाहणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या खडेबाजारात शोधून सापडणार नाही. ‘अभ्यास सोडून काय सारखे ते बघता?’ अशी बोलणीही तुम्ही खाल्ली असतील. आज आपण कार्टूनचाच अभ्यास करू या. प्रश्न साधा आहे. टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नाहीत. मग योगी अस्वल एवढे का बोलते?

आधी थोडे गणित

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने 1940 साली टॉम आणि जेरी पडद्यावर आणले. हे चित्रपट सिनेमागृहासाठी होते. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात. सात मिनिटांचे 420 सेकंद. 420 गुणिले 12 म्हणजे 5,040 चित्रे, तीही हाताने काढलेली! म्हणून तर मांजराची धावपळ इतकी जिवंत वाटते. या मालिकेला सात ऑस्कर मिळाले.

1957 साली त्यांचा स्टुडिओ बंद झाला आणि दोघांनी स्वतःची कंपनी काढली. आता काम दूरदर्शन संचासाठी होते. पैसा कमी, वेळही कमी. मग त्यांनी युक्ती काढली. प्राण्याचे धड तसेच ठेवायचे, फक्त डोके आणि तोंड बदलायचे. योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, ठाऊक आहे? डोके आणि धड यांचा जोड झाकायला!

चित्रे कमी झाली, मग हसवणार कोण? ते काम संवादांवर आले. 1958 साली ‘हकलबेरी हाउंड शो’ सुरू झाला. योगीही प्रथम त्यातच आला. सहलीला आलेल्यांच्या फराळाच्या टोपल्या पळवणारे, स्वतःला फार हुशार समजणारे हे अस्वल. 1960 साली या मालिकेला एमी पुरस्कार मिळाला. कार्टून मालिकेला मिळालेला तो पहिलाच एमी.

आवाजातून स्वभाव

हकलबेरी कुत्रा आणि योगी अस्वल या दोघांनाही डॉज बटलर या एकाच कलाकाराचा आवाज होता. तरी दोघे वेगळे ओळखू येतात. हकलबेरी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या संथ, लांबवलेल्या हेलात बोलतो. त्याचा हेल हाच त्याचा स्वभाव.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. 1993 साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ हिंदीतून आले. चित्रे जपानची, पण शेरखानला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी. त्या आवाजाने जपानी चित्रातला वाघ घरोघरी ओळखीचा झाला.

आपली बोली कुठे आहे?

मागे वर्गात प्राण्यांचे एक नाटुकले बसवले होते. सगळे प्राणी पुस्तकातली मराठी बोलत होते आणि कुणीच हसत नव्हते. एक मुलगा मात्र चुकून घरच्यासारखे म्हणून गेला, ‘येतो की रे, थांब की!’ सारा वर्ग खदखदून हसला. तो बिचारा ओशाळला आणि पुढचे वाक्य ‘शुद्ध’ बोलला. मला वाईट वाटले. कारण नाटकातला प्राणी त्या एका वाक्यापुरताच जिवंत झाला होता.

मुलांनो, तो वर्ग त्याच्या चुकीला हसला नव्हता, ओळखीला हसला होता. बेळगावच्या मराठीत कन्नडची लय मिसळली आहे. आपल्या वाक्याच्या शेवटी ‘की’ सहज येतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावचे रावसाहेब रंगवले. त्यांच्या तोंडचा हा हेल साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. तो हेल काढून टाकला तर रावसाहेब उरतील का?

परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहायलाच हवी. ती येणे गरजेचे आहे. पण घरची बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे. आपले कार्टून आपल्याशी हिंदीत बोलते, इंग्रजीत बोलते. ते बेळगावच्या मराठीत बोलावे असे वाटत असेल, तर ते संवाद लिहिणार कोण? ज्याला ही बोली येते तोच. म्हणजे तुम्हीच.

करून पाहा

1. खानापूरच्या जंगलातले एक अस्वल व्हॅक्सिन डेपोत आले आहे आणि सहलीच्या पिशवीतला कुंद्याचा डबा त्याने पाहिला आहे. अस्वल आणि रखवालदार यांचे दहा संवाद लिहा. अस्वल घरच्या बोलीत बोलेल, रखवालदार प्रमाण मराठीत.
2. टीव्हीचा आवाज बंद करून एक कार्टून पाच मिनिटे पाहा. गोष्ट किती कळली? चित्राने किती सांगितले आणि आवाजाने किती, ते लिहा.
3. आजी-आजोबांकडून घरच्या बोलीतले पाच शब्द मिळवा. वहीत अर्थासह लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना मात्र ओशाळायचे नाही!