चकलीचा घाणा वाढवण्याआधी

घरून चकली-चिवडा विकणाऱ्या बाईला दिवाळी सरली की हमखास सल्ला मिळतो: "आता गाळा घ्या, दुकानांत माल ठेवा." कौतुक मनापासूनचं असतं, पण हिशेब कुणी मांडून देत नाही. तो इथे मांडते. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी स्वतःचे घाला.

समजा, महिन्याला 300 किलो माल घरूनच 400 रुपये किलोने जातो. भाजणी, तेल, गॅस, पाकिटं धरून किलोला 260 रुपये खर्च. उरले 42,000. मदतनीस बाईंचे 12,000 दिले की हाती 30,000. गॅस मात्र व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने धरा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, त्यावर दिसणारा नफा खरा नाही.

आता गाळा घेतला आणि माल तिप्पट केला. घरचं गिऱ्हाईक 300 किलोच राहील, उरलेले 600 किलो दुकानांत जातील. दुकानदार 20 टक्के ठेवणार, म्हणजे तुम्हाला किलोला 320 मिळणार. घाऊक खरेदीमुळे खर्च 245 वर आला असं धरू. घरच्या विक्रीतून 46,500, दुकानांतून 45,000, एकूण 91,500. त्यातून भाडं 20,000, तीन मदतनिसांचे 36,000, वीज आणि वाहतूक 8,000. यंत्रांसाठी पाच लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 11,122. हाती उरले 16,378.

माल तिप्पट आणि कमाई जवळजवळ निम्मी! शिवाय दुकानांचं बिल महिन्याला 1,92,000 होतं. दीड महिन्याची उधारी धरली तर 2,88,000 रुपये कायमचे बाहेर अडकतात. हे भांडवल कर्जाच्या अर्जात धरायचं राहून जातं आणि मग तेलवाल्याचे पैसे थकतात. मला यातलं सर्वांत धोक्याचं हेच वाटतं.

पूर्वीच्या 30,000 वर परत यायला आणखी 182 किलो विकावे लागतात. पण तेवढ्याने वर्षाची उलाढाल 44 लाखांवर जाते. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यापुढे लागते. कंपोझिशन योजना घेतली तर उलाढालीवर 1 टक्का कर, म्हणजे महिन्याला साधारण 3,700 रुपये. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि परराज्यात मालही पाठवता येत नाही. त्या भरपाईला आणखी पन्नासेक किलो. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना तर घरी असतानाही लागतोच. दहा माणसं कामाला झाली की ईएसआय येतं, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी.

म्हणून माझं स्पष्ट मत: खर्चाच्या दृष्टीने मधली पायरी सर्वांत वाईट. चढायचं तर महिन्याला 1,200 किलोच्या पुढे जाईल एवढी मागणी आधी हातात हवी. नसेल, तर लहान राहणं हा पराभव नव्हे.

लहान राहूनही कमाई वाढते. भाव 20 रुपयांनी वाढवा. एकही गिऱ्हाईक गेलं नाही तर महिन्याला 6,000 जास्त, कर्जाशिवाय. 37 किलोचं गिऱ्हाईक तुटलं तरी कमाई होती तेवढीच राहते, आणि तेवढे घाणे कमी तळावे लागतात. गाळ्याची चौकशी करण्याआधी हे करून पाहाच. अनेकजणी वर्षानुवर्षं तेलाची भाववाढ स्वतःच्या मजुरीतून भरत असतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही वाढायचंच असेल तर तीन महिने घरच्याच ओट्यावरून दोन दुकानांना माल द्या. किलोमागे 60 रुपयेच सुटतील, पण दुकानदार पैसे कधी देतो आणि न खपलेला माल कोण सोसतो हे कळेल. आधी उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत तुमचे पैसे मिळायला हवेत, नाहीतर व्याज मागता येतं. बिलावर तारीख आणि दुकानदाराची सही घ्यायला विसरू नका.