पेरूचा समुद्र आणि आपला पाऊस

नकाशाच्या तासास दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचें नांव निघतांच वर्गांत हंशा पिकतो. तिखटमीठ लावलेल्या फोडी आठवून मुलें एकमेकांकडे पाहूं लागतात. तो ओसरला म्हणजे आम्ही विचारतों, समुद्रकांठच्या लिमा राजधानींत पाऊस किती पडत असेल? ठाणें-कल्याणचीं मुलें आपल्या अनुभवावरून बेधडक सांगतात, "शंभर इंच!" वस्तुतः तेथें वर्षाकाठीं एक इंचही पडत नाहीं.

याचें कारण समजण्यासाठीं आधीं आपल्या अंगणांत पाहावें. नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात, सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व आपला भार कोंकणांत टाकतात. म्हणून आषाढांत उल्हास नदी कल्याणपाशीं तुडुंब वाहते, आणि घाटापलीकडे सोलापूरचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. पेरूंत सारें उलट आहे. तेथें बाष्प येतें तें पूर्वेकडून, अटलांटिक महासागराचें. अँडीज पर्वताचे पूर्वेकडील उतार व अमेझॉनचें अरण्य त्यानें चिंब भिजतें. देशाची निम्म्याहून अधिक भूमि याच अरण्यानें व्यापिली आहे. पश्चिम किनारा मात्र वाळवंट. त्यांत किनाऱ्यालगत हंबोल्ट नांवाचा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळें समुद्रावरची हवा गार राहते व वर चढत नाहीं. धुकें पुष्कळ, पाऊस नाहीं. लिमा शहर पर्वतांतून उतरणाऱ्या रिमाक नदीवर जगतें. त्या थंड समुद्रांत तळचीं पोषक द्रव्यें वर येतात, म्हणून मासळी मात्र अमाप.

कांहीं वर्षांच्या अंतरानें तेंच पाणी ऊन होतें. ही ऊब नाताळाच्या सुमारास जाणवे, म्हणून तेथील कोळ्यांनीं तिला 'एल निन्यो', म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें. नांव गोड, पण करणी तशी नव्हे. मासळी नाहींशी होते आणि वाळवंटांत पूर येतात; १९८२-८३ व १९९७-९८ सालीं तेथील नद्यांनीं पूल, रस्ते व घरें वाहून नेलीं.

याचें आपणांस काय, असें कोणी म्हणेल. १८७६ ते १८७८ च्या दरम्यान दख्खनेंत भीषण दुष्काळ पडला, आणि त्याच काळांत पॅसिफिक महासागर असाच तापला होता. १८९९ च्या अनावृष्टीच्या वेळींही तसेंच झालें. त्या दुष्काळांतील अनाथ मुलींस पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आश्रय दिला. १९०४ सालीं हिंदुस्थानच्या वेधशाळांचे मुख्य झालेले गिल्बर्ट वॉकर यांनीं पावसाचा अंदाज बांधण्यासाठीं देशोदेशींचे हवेच्या दाबाचे आंकडे जुळविले. पॅसिफिकच्या दोन्ही बाजूंस दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो, असें त्यांस दिसून आलें. त्या तराजूची व तापलेल्या पाण्याची सांगड १९६९ सालीं याकोब ब्यर्कनेस यांनीं घातली. शोध लागण्यास दोन पिढ्या गेल्या. पीक बुडण्यास एक आषाढ पुरतो. महाराष्ट्राचें १९७२ सालही एल निन्योचेंच होतें.

तथापि पेरूचा समुद्र तापला कीं आपल्याकडे अवर्षण ठरलेलेंच, असें विद्यार्थ्यांनीं उत्तरपत्रिकेंत लिहूं नये. १९९७ सालीं एल निन्यो अतिशय प्रबळ होता, तरी हिंदुस्थानांत पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पाण्याची ऊबही या हिशेबांत धरावी लागते.