डोळ्यांचे गाऱ्हाणे

मुलांनो, पाय दुखू लागले की आपण बसतो. पोटात दुखू लागले की आईला सांगतो. डोळे दुखू लागले म्हणजे मात्र आपण ते चोळतो आणि पुन्हा कामाला जुंपतो. डोळा हा मोठा सोशिक चाकर आहे. त्याचे गाऱ्हाणे हळू आवाजात असते. ते ऐकावयास मी स्वतः किती उशीर केला, ते आज तुम्हांला सांगतो.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्यानंतर दीड वर्ष पुष्कळ मुलांची शाळा मोबाइलच्या वीतभर पडद्यावरच भरत असे. २०२१ च्या ऑक्टोबरात आमचे वर्ग पुन्हा उघडले. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. सातवीत एक मुलगा होता. पूर्वी त्याची वही कशी नेटकी असे! आता फळ्यावरील ३ चा त्याच्या वहीत ८ होऊ लागला. कधी अर्धे वाक्यच गळू लागले. एके दिवशी मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "घरी बसून तुझे लक्ष पार उडाले आहे!" त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिताना दिसला. मी रागावणार, इतक्यात तो हळूच म्हणाला, "सर, मला फळ्यावरचं दिसत नाही."

डॉक्टरांनी डोळे तपासले. त्याला निकटदृष्टिता जडली होती. जवळचे स्पष्ट दिसे, दूरचे अंधुक. हा दोष केवळ मोबाइलमुळे झाला असे म्हणता येणार नाही, कारण तो पुष्कळदा आईवडिलांकडूनही येतो. परंतु तासन्‌तास जवळ पाहणे आणि घराबाहेर न पडणे यांमुळे तो जडण्याचा संभव वाढतो.

असे का होते? डोळ्यात एक लवचीक भिंग असते. जवळचे पाहताना त्याभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होते. दूर पाहताना तो स्नायू सैल पडतो. पाण्याने भरलेली बादली तासभर हातात धरली, तर हात भरून येणारच. डोळ्यांचेही तसेच आहे. शिवाय एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची ही उघडझाप पुष्कळच कमी होते. मग डोळे कोरडे पडतात, जळजळतात, लाल होतात.

हा शीण विश्रांतीने जातो. निकटदृष्टितेचे तसे नाही. तीत बहुधा डोळ्याचा गोल मागेपुढे लांबतो, आणि एकदा लांबलेला गोल पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसू लागते, पण दोष राहतोच. म्हणून वेळीच जपावयाचे.

जपण्याचे उपाय सोपे आहेत. दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद, २० फुटांपलीकडील झाडाकडे किंवा घराकडे पाहावे. पापण्या मिटावयास विसरू नये. पडदा हातभर अंतरावर धरावा; अंधारात किंवा अंथरुणात लोळत पाहू नये.

सर्वांत उत्तम उपाय अंगणातच आहे. तैवान देशात निकटदृष्टितेचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे २०१० साली मुलांना रोज १२० मिनिटे उजेडात बाहेर नेण्याचा उपक्रम शाळांतून सुरू झाला. प्राथमिक शाळांत अधू दृष्टीची मुले वर्षानुवर्षे वाढत होती. २०१२ साली शेकडा सुमारे ४९ मुले अशी होती. २०१५ साली हे प्रमाण शेकडा सुमारे ४६ वर आले. वाढता आकडा उतरू लागला, हे काही थोडे नव्हे! झाडाच्या सावलीतला उजेडदेखील दिव्याच्या खोलीपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. मात्र सूर्याकडे कधीही रोखून पाहू नये.

चष्मा लावून तो मुलगा शाळेत आला, तेव्हा ज्या वर्गादेखत मी त्याला बोललो होतो, त्याच वर्गादेखत त्याची क्षमा मागितली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत वर्गांना कुलपे लागू लागली आणि सारी शाळा मैदानावर, कडुनिंबाखाली दिसू लागली.

मुलांनो, फळा अंधुक दिसला, डोके दुखले, तर लाजू नका, लपवू नका. डोळा हळू बोलतो. म्हणून त्याचे गाऱ्हाणे तुम्ही मोठ्याने सांगा.

शब्दार्थ : सोशिक – सहन करणारा, आकुंचन पावणे – आखडणे, शीण – थकवा, अधू – कमजोर.

स्वाध्याय
१. मुख्याध्यापकांची कोणती चूक झाली? ती त्यांनी कशी सुधारली?
२. डोळ्यांचा शीण आणि निकटदृष्टिता यांत कोणता फरक आहे?
३. 'मान खाली घालणे' व 'टक लावणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. एक दिवस आपण पडद्यासमोर किती वेळ आणि घराबाहेर उजेडात किती वेळ होतो, याची नोंद करा.