परतीच्या तिकिटाचा हिशेब

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. तेव्हापासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत एक बेत फार सहज ठरू लागला आहे: शनिवारी सकाळी जायचे, रविवारी रात्री परत यायचे, सोमवारी कामावर. दिल्लीतले लग्न, बंगळुरूची मुलाखत, हैदराबादच्या डॉक्टरांची वेळ, काहीही असो. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे भाडे पाहिले की हा बेत बिनतोड वाटतो. तो बिनतोड नाही, आणि कुठे तुटतो ते आधी कळले तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात, म्हणून हे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: स्वस्त विमान कंपनी भाडे कमी ठेवते तेव्हा वेळेचा धोका बऱ्याच अंशी प्रवाशाच्या अंगावर टाकते. आठ दिवसांच्या मुक्कामात तो धोका मुरून जातो. दोन दिवसांच्या फेरीत त्याला मुरायला जागा नसते, आणि तो बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर उभा राहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तर ती वाट विमानतळावर संपत नाही, तिथून पुढे सुरू होते.

भाडे कमी कसे होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली आणि एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा देशभर झाली. पण एक रुपयात कोणाचेही विमान उडत नाही. थोड्या जागा फार स्वस्त, बाकीच्या मागणीप्रमाणे महाग, आणि विमान जमिनीवर शक्य तितके कमी वेळ, असे ते गणित होते आणि आजही तेच आहे. स्वस्त कंपनीचे विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडायला तयार करतात. तेच विमान पहाटेपासून रात्रीपर्यंत एका शहरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा पाच-सहा फेऱ्या मारते. पहाटेच्या उड्डाणाला वीस मिनिटांचा उशीर झाला, दुपारी कुठे पावसाने आणखी चाळीस मिनिटे गेली, की तो सगळा उशीर साचत साचत रात्रीच्या विमानापर्यंत येतो. दिवसभरात तो भरून काढायला मोकळा वेळ ठेवलेलाच नसतो, कारण तो मोकळा वेळ म्हणजेच खर्च. आणि दोन दिवसांची फेरी करणारा माणूस परतीला नेमके रात्रीचे शेवटचे विमान धरतो, कारण त्याला दुसरा दिवस पुरेपूर वापरायचा असतो. सगळ्यात जास्त उशीर होण्याची शक्यता असलेले उड्डाण आणि सगळ्यात कमी उशीर परवडणारा प्रवासी, यांची गाठ अशी पडते. हिवाळ्यात त्यात उत्तरेकडचे धुके येते, जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस.

आता किनाऱ्याकडे या. रात्री साडेनऊला उतरणारे विमान साडेबाराला उतरले, तर दादरला किंवा वाशीला राहणाऱ्याची झोप मोडते, एवढेच. अलिबागकराचे तसे नाही. मांडव्याच्या बोटी संध्याकाळ उलटली की बंद होतात. पावसाळ्यात गेटवेच्या कॅटमरान तर जूनपासून साधारण ऑगस्टअखेर चालतच नाहीत, आणि भाऊच्या धक्क्यावरची रो-रो समुद्र आणि हवामान बघून सुटते. रेवस-करंजा लाँचने उरण आणि तिथून उलवे हा नकाशावर जवळचा रस्ता दिसतो, पण लाँच दिवसाउजेडीची. पनवेल-अलिबाग विनाथांबा एसटी मध्यरात्री मिळत नाही. उरते ती खासगी गाडी: पेण, वडखळ, पोयनाड. अपरात्री एवढ्या अंतराला गाडीवाला परतीचे भाडेही धरतो, आणि ते धरणे रास्तच आहे, कारण त्याला पहाटे रिकामेच मागे जायचे असते. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनचे भाडे त्याहून किती तरी जास्त. एका बाजूच्या विमान तिकिटाइतकी रक्कम या शेवटच्या टप्प्यात सहज जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. म्हणून आपल्याकडच्या माणसाने भाड्याची तुलना विमानतळ ते विमानतळ करूच नये. घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत, आणि परतीचे विमान तीन तास उशिरा येईल असे धरून करावी. अशी तुलना केली की दुपारचे हजार-बाराशे रुपयांनी महाग विमान पुष्कळदा स्वस्त निघते, कारण त्याला उशीर झाला तरी पनवेलहून शेवटची एसटी किंवा पेणकडे जाणारे काहीतरी मिळते.

याच हिशेबात एक नवा खड्डा तयार झाला आहे, तो वेगळा सांगायला हवा. तिकीट शोधताना 'मुंबई' लिहिले की आता दोन विमानतळांची उड्डाणे एकत्र दिसतात, आणि सर्वांत स्वस्त जोडी लावण्याच्या नादात जाणे नवी मुंबईहून आणि येणे सांताक्रूझला किंवा सहारला, असे तिकीट हातात पडू शकते. जाताना गाडी उलव्याच्या वाहनतळावर लावली असेल, तर रात्री उतरल्यावर ती आणायला आधी अख्खी मुंबई ओलांडायची. टॅक्सीचे पैसे, अटल सेतूवरून गेल्यास मोटारीचा एका बाजूचा अडीचशे रुपयांचा टोल आणि वाहनतळाचे वाढीव तास, हे सगळे त्या 'बचती'तून वजा करा. तिकिटावर तीन अक्षरी संकेत छापलेला असतो: जुन्या विमानतळाचा बीओएम, नव्याचा एनएमआय. पैसे भरण्याआधी तो दोन्ही बाजूंना वाचावा. जुन्या विमानतळाचे असेल, तर टर्मिनल १ की २ हेही पाहावे, कारण दोन्हींची प्रवेशद्वारे वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: उशीर झाला किंवा विमान रद्द झाले, तर कंपनी भरपाई देते, सरकारचे नियम आहेत. नियम आहेत, ते चांगलेही आहेत आणि प्रत्येकाने वाचावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, की खाणेपिणे द्यावे लागते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड प्रवाशाची. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले उड्डाण सहा तासांहून अधिक लांबले, तर हॉटेल. ऐनवेळी रद्द झाल्यास रोख भरपाई. पण या भरपाईचा मजकूर नीट वाचा. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे तिकीट जितके स्वस्त, तितकी भरपाई कमी. ज्याने अठराशे रुपये मूळ भाडे भरले, त्याची भरपाई अठराशेच्या घरातच राहते, आणि त्याच संध्याकाळी घरी पोहोचायला दुसऱ्या कंपनीचे तिकीट मात्र त्या दिवशीच्या भावाने घ्यावे लागते. शिवाय वादळ, धुके, सुरक्षेचे कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टी असतील, तर रोख भरपाई नाहीच. आणि वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकून तुमचेच विमान चुकले, तर हे सगळे नियम बाजूला राहतात. तेव्हा हाती लागतात ते फक्त विमानतळ शुल्क आणि करांचे पैसे. तेही बहुतेक लोक मागत नाहीत. ते मागावेत, कारण ते कंपनीचे नाहीत, आणि कितीही सवलतीच्या तिकिटावर ते परत द्यावेच लागतात.

त्या दिवशीचा भाव म्हणजे काय, ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले, देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, त्यासाठी पुरेशी तयारी नव्हती, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांचे भाव इतके भडकले की सरकारला ६ डिसेंबरला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. मुंबई-दिल्ली यांतल्या तिसऱ्या पायरीत बसते. लोकांना दिलासा म्हणून सरकारने जी मर्यादा घातली तीच एका बाजूला पंधरा हजार होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. असे संकट रोज येत नाही, हे खरे. पण ३ मे २०२३ रोजी गो फर्स्टची विमाने थांबली ती पुन्हा उडाली नाहीत, आणि तिकीटधारक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावे दाखल करत बसले. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, आणि तिच्या पोटात एअर डेक्कनही आधीच गेली होती. म्हणून दोन दिवसांच्या फेरीला निघताना परतीच्या दुसऱ्या तिकिटाइतके पैसे खात्यात किंवा कार्डावर मोकळे हवेत. ते नसतील, तर ती फेरी तुम्हाला परवडत नाही, तिकीट कितीही स्वस्त असो. हे कडक वाटेल, पण परक्या शहरात लेकराबाळांसह अडकण्यापेक्षा घरी बसून हे ऐकणे बरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्यही आहे: याच स्वस्त कंपन्यांमुळे मच्छीमाराचा, वाडीवाल्याचा, शिक्षकाचा मुलगा विमानात बसला, त्याला घाबरवू नका. घाबरवायचे नाहीच. रेल्वेने दिल्ली म्हणजे पनवेलहूनही जाऊन-येऊन निम्म्याहून अधिक रजा गाडीत जाते. आजारी माणसाला, परीक्षा देणाऱ्या मुलीला विमान हाच योग्य मार्ग आहे. महागड्या कंपनीचे विमानही उशिरा उडते, हेही खरे. पण मी 'स्वस्त नको' म्हणत नाही. कंपनी जी सवड तिकिटात देत नाही, ती आपण वेगळी विकत घ्यावी, एवढेच म्हणणे आहे. महत्त्वाचे काम असेल, तर आदल्या दिवशी पोहोचा. परतीला त्या दिवसाचे शेवटचे विमान घेऊ नका. त्याच कंपनीचे नंतर निदान एक उड्डाण असेल असे बघा, म्हणजे एक रद्द झाले तर दुसऱ्यात बसवता येते. सोमवारची हजेरी चुकवता येणारच नसेल, तर रविवारी सकाळचे विमान घ्या आणि दिवसाचा मोह सोडा. पुढे परदेशी जाणारे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर दोघांत तास नव्हे, एक रात्र ठेवा. म्हसळा-श्रीवर्धनकडून आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी हे फार सांभाळावे. दोन वेगळ्या तिकिटांतले पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर थांबण्याचे कसलेही बंधन नसते.

सामानाचे थोडक्यात. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे हातात सात किलो आणि खाली पंधरा किलो. काही अतिस्वस्त भाड्यांत खालचे सामान धरलेलेच नसते. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचे नाही ही आपली रीत, आणि पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा पिशवीत घातल्या की वजन कुठल्या कुठे जाते. काउंटरवरचा काटा पंधराच्या वर गेला, की किलोमागे पाचशे रुपयांच्या पुढे भरावे लागतात. जगात कुठल्याच कांद्याला तो भाव नाही. सुके खोबरे पेट घेणारा पदार्थ म्हणून विमानात चालत नाही, ना हातात ना खाली. ते तपासणीत काढून ठेवतात. घरी वजनकाटा असेल त्यावर बॅग ठेवून पाहा, आणि जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या. काउंटर तासभर आधी बंद होतो, बोर्डिंगचे दार साधारण पंचवीस मिनिटे आधी.

शेवटचे, तक्रारीविषयी. उशीर झाला, तर त्याचे कारण तिथल्या तिथे लेखी किंवा निरोपावर मागून घ्या. बोर्डिंग पास, खाण्याच्या, हॉटेलच्या आणि गाडीच्या पावत्या जपून ठेवा. आधी कंपनीकडे लिहा, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. तरीही दाद लागली नाही, तर कंपनीचे कार्यालय दिल्लीला की बंगळुरूला, याची चिंता करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.