फाइल समोर आहे, तरी सापडत नाही!

कोलशेतच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. नववीच्या दोन मुलांनी तबल्याच्या आवाजाचे पृथक्करण करणारी आज्ञावली सी भाषेत लिहिली होती. त्यातले गणित ‘तबला.डीएलएल’ या फायलीत होते. घरच्या संगणकावर सारे ठीक चाले. शाळेच्या संगणकावर मात्र त्रुटी १२६ : मॉड्यूल सापडत नाही! फाइल तर डोळ्यांसमोर होती. परीक्षक यायला अर्धा तास उरला होता. “सर, विंडोज खोटं बोलतंय,” एक जण रडवेला होऊन म्हणाला.

विंडोज खोटे बोलत नव्हते. अर्धेच सांगत होते.

कंपायलर आपल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. पण जेथे दुसऱ्याने लिहिलेले फंक्शन वापरले असेल, तेथे नुसते नाव उरते. त्या नावाचा ठावठिकाणा लावणे हे लिंकरचे काम. या मुलांनी कंप्रता वेगळ्या काढण्यासाठी एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी घेतली होती. अमेरिकेतील एमआयटीत मॅटिओ फ्रिगो व स्टीव्हन जॉन्सन यांनी ती लिहिली. लिनक्सवर सामायिक लायब्ररी बांधताना अशी नावे अधांतरी राहिली तरी लिंकर सहसा तक्रार करीत नाही. विंडोजवर डीएलएल बांधतानाच प्रत्येक नाव कोठून येणार ते सांगावे लागते. नाहीतर ‘एलएनके २०१९’ ही त्रुटी ठरलेली.

सांगायचे ‘.लिब’ फाइल देऊन. येथे भलेभले फसतात, कारण एकाच शेपटाच्या या फायली दोन प्रकारच्या असतात. स्थिर लायब्ररीत फंक्शनची खरी यंत्रभाषा असते. लिंकर हवा तेवढा भाग आपल्या डीएलएलमध्ये उतरवून घेतो आणि मूळ फायलीची गरज संपते. आयात लायब्ररीत मात्र ‘हे फंक्शन अमुक डीएलएलमध्ये मिळेल’ एवढा पत्ताच असतो. माल तिकडेच राहतो. (दोघींना एकच शेपूट देणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा विचार केला नसावा!) एफएफटीडब्ल्यूच्या विंडोज संचात डीएलएलबरोबर नावांच्या यादीची ‘.डेफ’ फाइल मिळते; तिच्यावरून आयात लायब्ररी आपणच तयार करायची. ३२ व ६४ बिटांची सरमिसळ मात्र चालत नाही.

आता उलगडा होईल. मुलांनी आयात लायब्ररी जोडली होती. म्हणून ‘तबला’ उघडताना विंडोज तिच्या पोटातला पत्ता वाचून एफएफटीडब्ल्यूची डीएलएल शोधू लागे : प्रथम आज्ञावलीच्या फोल्डरात, मग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांत, शेवटी ‘पाथ’ या यादीतील ठिकाणी. घरी ती ‘पाथ’मुळे सापडे. शाळेत ती नव्हतीच, आणि तक्रार मात्र ‘तबला’च्या नावाने येई. व्हिज्युअल स्टुडिओतील ‘डंपबिन’ला ‘डिपेंडंट्स’ विचारले की कोणती डीएलएल कोणावर अवलंबून आहे ते दिसते. आम्ही तेच केले.

एक जण सायकलवर घरी पळाला, पेनड्राइव्हवर ती डीएलएल घेऊन आला. आम्ही ती आज्ञावलीशेजारी ठेवली. विंडोजच्या फोल्डरात टाकण्याचा मोह टाळावा. तेथे दुसऱ्या आज्ञावलीच्या वेगळ्या आवृत्तीशी गाठ पडू शकते.

परीक्षक आले तेव्हा पडद्यावर तबल्याचे उंचवटे जवळजवळ समान अंतरावर उभे होते. शाईमुळे हे घडते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवले होते. परीक्षकांनी नेमके तेच विचारले, डीएलएलबद्दल एक शब्दही नाही!