जुनी फटफटी

नागपूरच्या उत्तरेस पारशिवनी हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या एका अंगास पेंचचे अरण्य, दुसऱ्या अंगास कन्हानकडील कोळशाच्या खाणी आणि मधल्या भागात धानाची व कापसाची शेते, असा हा मुलूख आहे. येथील माणसांना कामासाठी रोज दूरवर जावे लागते. कोणी दूध घेऊन बाजारपेठ गाठतो, कोणी खाणीत पाळीवर जातो, तर एखाद्या शिक्षकाला आडवळणाच्या गावी शाळेच्या वेळेला पोचायचे असते. अशा ठिकाणी मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहत नाही. शेतकऱ्याला बैलजोडीची जितकी गरज, तितकीच यांना मोटारसायकलची गरज असते.

परंतु नवी गाडी घेण्याइतका पैसा प्रत्येकाच्या गाठी नसतो. म्हणून जुनी गाडी दुरुस्त करून वापरणे, आणि जी गाडी उभी राहण्यासारखी नसेल तिचे चांगले भाग काढून दुसऱ्या गाडीला लावणे, असा एक व्यवसाय गावोगावी व शहरोशहरी वाढला आहे. लोक त्याला सहज ‘भंगाराचा धंदा’ म्हणतात. पण त्यात किती ज्ञान आणि किती सचोटी लागते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

मोटारसायकलचा इतिहास तसा फार जुना नाही. १८८५ साली गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जर्मन संशोधकांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून पहिली मोटारसायकल तयार केली. आपल्याकडे हे वाहन आले, तेव्हा त्याच्या आवाजावरून मराठी माणसाने त्याला ‘फटफटी’ असे नाव दिले. १९५५ मध्ये मद्रास येथे बुलेट गाड्या तयार होऊ लागल्या. मुंबईचे व्यापारी रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे जावा गाड्यांचा कारखाना निघाला व १९६१ मध्ये तेथे काम सुरू झाले. १९६२ साली एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत ही गाडी आणली. यांपैकी बुलेटचे इंजिन चार धावांचे होते, म्हणजे इंधन आत घेणे, ते दाबणे, त्याचा स्फोट होणे आणि धूर बाहेर टाकणे, या चार क्रिया दट्ट्याच्या चार धावांत होत. जावा व राजदूत यांची इंजिने हेच काम दोन धावांत उरकीत. म्हणून त्यांच्या पेट्रोलमध्ये थोडे तेल मिसळावे लागे. जावाची आणखी एक गंमत अशी, की ज्या दांड्याने किक मारायची, तोच दांडा पुढे वळवून गियर बदलायचा!

काळ बदलला. अधिक अंतर जाणाऱ्या व कमी धूर सोडणाऱ्या गाड्या आल्या. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढे राजदूतचे उत्पादनही थांबले. कारखाना बंद पडला, तरी त्याने रस्त्यावर आणलेल्या गाड्या एका दिवसात नाहीशा होत नाहीत. त्यांचे भाग झिजतात, मोडतात आणि नवे भाग तर सहजी मिळत नाहीत. अशा वेळी एक जुनी गाडीच दुसऱ्या जुन्या गाडीच्या उपयोगी पडते. एकीचा सांगाडा, दुसरीची टाकी आणि तिसरीचे गियर एकत्र येतात आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर धावू लागते.

हे काम कसे चालते, ते पाहू. गाडी प्रथम संपूर्ण खोलली जाते. टाकी, हँडल, मडगार्ड, चाके आणि शेवटी इंजिन, अशा क्रमाने सारे सुटे होते. चांगला मिस्त्री प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवतो. कारण खोलणे सोपे असते, पण ज्याचे त्याला जोडणे कठीण असते. मग सर्व भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन त्यांचे तीन ढीग केले जातात. पहिल्या ढिगात जसेच्या तसे वापरता येणारे भाग असतात, दुसऱ्यात दुरुस्तीने सुधारणारे आणि तिसऱ्यात केवळ वितळविण्याच्या लायकीचे. या तीन ढिगांतच मिस्त्रीची खरी परीक्षा असते. बेअरिंग बोटांवर फिरवून त्याचा खरखर आवाज तो ऐकतो. दातेरी चाकाचे दात तो उजेडात धरून पाहतो. सांगाड्याच्या जोडावर केसाएवढी चीर तर नाही ना, हे तो नखाने चाचपून पाहतो.

दुसऱ्या ढिगातील मुख्य भाग म्हणजे इंजिनचे सिलिंडर. इंजिन चालू असताना त्यातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. वर्षानुवर्षांच्या या घर्षणाने सिलिंडरची आतली भिंत झिजते व तिची गोलाई बिघडते. मग दट्ट्याच्या कडेने वायू निसटू लागतो, गाडीचा जोर कमी होतो आणि सायलेन्सरमधून धूर येऊ लागतो. अशा वेळी सिलिंडर लेथवाल्याकडे पाठविले जाते. तो यंत्राने आतली भिंत किंचित कातून ती पुन्हा अचूक गोल करतो. आता छिद्र थोडे मोठे झाले, म्हणून दट्ट्याही त्या मापाचा, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा घ्यावा लागतो. पाव मिलिमीटर म्हणजे किती? मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी ही जागा डोळ्यांना क्वचितच जाणवते. पण तेवढ्यावरच इंजिनचे आयुष्य अवलंबून असते. भिंत पुन्हा पुन्हा कातून फार पातळ झाली, की आत नवी नळी ठोकून बसवावी लागते.

पहिल्या ढिगातील भाग विक्रीस ठेवले जातात. येथे ग्राहकाचा फायदा उघड आहे. त्याला कमी पैशांत वस्तू मिळते. ती नव्याने घडविण्यासाठी लागणारे लोखंड व कोळसाही वाचतो. ‘जुने ते सोने’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु या व्यवसायात ती म्हण सर्वत्र लागू पडत नाही. समजा, रोज पहाटे दूध घेऊन जाणारा एक शेतकरी मिस्त्रीकडे आला आणि त्यांच्यात असे बोलणे झाले :

“मिस्त्री, मागच्या चाकाला जुनेच ब्रेक शू बसवून द्या. या महिन्यात हात जरा आखडता आहे.”

“भाऊ, टाकी जुनी देतो, मडगार्ड जुने देतो, दिवाही जुना देतो. ब्रेक मात्र जुना देणार नाही. दुधाचे पैसे हाती आले, की मग द्या.”

“एवढे काय आहे त्यात? गाडी चालल्याशी कारण!”

“गाडी चालली नाही, तर तुम्ही घरीच राहाल. पण ती थांबली नाही, तर काय होईल?”

या उत्तरात या व्यवसायाचे सारे मर्म आलेले आहे. ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या, गुळगुळीत झालेले टायर, ताणलेली साखळी आणि चीर गेलेला सांगाडा यांना पुन्हा विकणे म्हणजे चार पैशांसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय. रंग दिला, की चीर दिसेनाशी होते. पण ती नाहीशी होत नाही. विकणाऱ्याला ती ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून येथे ग्राहकाचे रक्षण विकणाऱ्याच्या सचोटीवरच अवलंबून असते.

सचोटीची दुसरी कसोटी कागदपत्रांची. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक क्रमांक आणि इंजिनवर दुसरा क्रमांक कोरलेला असतो. हे दोन्ही क्रमांक नोंदणीच्या दाखल्यावर लिहिलेले असतात. नागपूरच्या ग्रामीण भागातील गाड्यांच्या पाटीवर ‘एमएच ४०’ ही अक्षरे असतात, ती या नोंदणीचीच खूण होय. चोरीची गाडी अनेकदा सुटी करून विकली जाते. म्हणून जाणता व्यापारी गाडी घेताना प्रथम क्रमांक ताडून पाहतो आणि क्रमांक खरवडलेला दिसला, की कितीही स्वस्तात मिळत असली तरी ती गाडी दारातूनच परत पाठवितो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यानुसार गाडीचे इंजिन बदलले तर त्याची नोंद करून घ्यावी लागते आणि गाडी कायमची निकामी झाली, तर तेही परिवहन कार्यालयास कळवावे लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत गाडी योग्य ठरली, तर पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. २०२१ साली सरकारने निकामी वाहने रीतसर मोडणाऱ्या केंद्रांसाठी नियम केले. त्याच वर्षी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय झाली. अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नसतात. प्रदर्शनात व मिरवणुकीत त्या दिमाखाने मिरवतात. दूधवाल्याला गाडी चालायला हवी असते, तर संग्राहकाला ती जशी होती तशी हवी असते. दोघांच्या गरजा वेगळ्या, पण दोघांनाही जुन्या भागांचाच आधार असतो.

आता तिसरा ढीग राहिला. तोही वाया जात नाही. याचे एक संस्मरणीय उदाहरण महाराष्ट्रातच घडले. ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी बंगालच्या उपसागरात मोठा पराक्रम गाजविला. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. अखेर २०१४ मध्ये तिची विक्री झाली आणि मुंबईच्या दारूखाना भागात ती मोडण्यात आली. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने त्या पोलादाचा काही भाग विकत घेतला, तो वितळविला आणि २०१६ मध्ये आणलेल्या ‘व्ही’ नावाच्या मोटारसायकलीत त्याचा वापर केला. ज्या पोलादाने एके काळी देशाचे रक्षण केले, तेच पोलाद सामान्य माणसाला कामावर पोचवू लागले.

मात्र या व्यवसायातील एक वस्तू अशी आहे, की ती कोणत्याही ढिगात टाकता येत नाही. ती म्हणजे इंजिनमधून काढलेले काळे तेल. ते जमिनीवर ओतले, तर पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथे पेंच नदीवर धरण आहे आणि तेथून नागपूर शहराला पिण्याचे पाणी जाते. पेंच पुढे कन्हानला मिळते. कन्हानचे पाणीही नागपूरकर पितात. गावातल्या एका दुकानामागे ओतलेले तेल अशा रीतीने शहरातल्या अनोळखी माणसाच्या पेल्यापर्यंत पोचू शकते. म्हणून विचारी मिस्त्री हे तेल डब्यात साठवितो आणि शुद्धीकरणासाठी ते नेणाऱ्यांच्या स्वाधीन करतो. जुन्या बॅटरीत शिसे व आम्ल असते, म्हणून तिचीही तो अशीच व्यवस्था लावतो.

हात काळे करणारे काम हलके असते, असा एक गैरसमज समाजात आहे. परंतु काळे तेल साबणाने निघते. खरवडलेला क्रमांक डोळ्याआड करणाऱ्याच्या मनावरचा डाग मात्र कशानेही निघत नाही. कोणती वस्तू पुन्हा उपयोगात आणावी आणि कोणती निर्धाराने बाजूला सारावी, हे ज्याला समजते आणि समजल्याप्रमाणे जो वागतो, तोच खरा कारागीर. त्याने जोडलेली गाडी पहाटेच्या अंधारात दूध घेऊन निघते, तेव्हा तिच्यावर बसलेल्या माणसाचा जीव त्या कारागिराच्या शब्दावर विसंबून असतो.

स्वाध्याय

१. जुन्या गाडीच्या भागांचे तीन ढीग कोणते? प्रत्येकाचा उपयोग काय?
२. सिलिंडर कातल्यावर मोठ्या मापाचा दट्ट्या का लागतो?
३. ‘जुने ते सोने’ ही म्हण या व्यवसायात सर्वत्र का लागू पडत नाही?
४. हात आखडता असणे, धूळ खात पडणे, डोळ्याआड करणे, या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराची भेट घ्या व त्याच्या कामाची माहिती दहा ओळींत लिहा.